नववीचा कॅटलॉग आधी बघा

(गेल्या अंकात आम्ही शाळेतल्या समुपदेशकाच्या कामाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. उत्तरं दिली आहेत बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत हे काम करणाऱ्या एका समुपदेशकांनी. शाळेतली मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःचं आणि शाळेचं नाव छापू नका असं कळवलं आहे. – संपादक)

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत समुपदेशक व्हायचं आहे. दिवसभर नेमकं काय काम असतं? आणखी कुठला कोर्स करावा लागेल? – एक विद्यार्थिनी, लातूर

खोलीत बसून एकेका मुलाचं ऐकून घ्यायचं, असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर तो दिवसातला छोटा भाग आहे. माझा दिवस कॅटलॉगपासून, म्हणजे हजेरीपटापासून सुरू होतो. पहिल्या तासाची हजेरी झाली की मी वर्गावर्गांतून फिरते आणि कोण आलेलं नाही ते वहीत उतरवून घेते. आधी नववी, मग दहावी, बाकीचे वर्ग नंतर.

नववी आधी, कारण आठवीपर्यंत पोराच्या मागे सरकार उभं असतं. शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, दुपारची खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. जूनमध्ये तेच पोर नववीत बसतं आणि हे सगळं एकदम संपतं. घरची परिस्थिती तीच, वय मात्र कामाला न्यायच्या जोगं झालेलं. मधल्या सुट्टीत धाकटी भावंडं ओळीत बसून जेवतात आणि नववीची पोरं मैदानाच्या कडेनं उगाच फिरत राहतात. 'डबा आणलास का' असं मी विचारत नाही. विचारलं की सगळे 'हो' म्हणतात.

सलग आठ दिवस न आलेलं मूल कुणाच्याही लक्षात येतं. मी बघते ते वेगळं : दर बाजारच्या दिवशी गैरहजर कोण, फक्त एका विषयाच्या तासाला पोट दुखतं कुणाचं, महिन्यातले ठरावीक तीन-चार दिवस कुठल्या मुली येत नाहीत. या शेवटच्या गोष्टीसाठी समुपदेशन लागत नाही, स्वच्छतागृहाला पाणी लागतं. मुख्याध्यापकांच्या मागे लागून ते करून घेणं हेही माझंच काम. तुमच्या एम.ए.च्या पुस्तकात ते नसेल.

दुसरं म्हणजे, मला जे कळतं त्यातलं निम्मं मुलांकडून कळतच नाही. शिपाईमामा, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, कारकून, मुलींना शाळेत आणणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसचे चालक यांच्याकडून कळतं. रोज पुढच्या बाकावर बसणारी मुलगी अचानक मागे, मावशींच्या शेजारी बसायला लागली, हे चालकमामांनी सहज बोलताना सांगितलं. त्यातून बसमधल्या छेडछाडीचं प्रकरण बाहेर आलं. मुलगी स्वतःहून माझ्याकडे आली असती असं मला वाटत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर समुपदेशन मानसशास्त्रातली एम.ए. किंवा समाजकार्यातली एम.एस.डब्ल्यू. दोन्ही चालतं. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईतलं निर्मला निकेतन आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथून शिकलेले बरेच जण या कामात आहेत. एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो रस्ता वेगळा आणि लांबचा. शाळेत आपण निदान करायचं नाही, 'याला डिप्रेशन आहे' असा शिक्का मारायचा नाही. कुणाला कुठे पाठवायचं हे मात्र पक्कं माहीत हवं.

पगार. सी.बी.एस.ई.च्या शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, तिथं पूर्णवेळ नोकरी मिळू शकते. आमच्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या पदांत, माझं पदच नाही, संस्था मानधन देते. ते किती हे छापण्यात अर्थ नाही. घरात दुसरा पगार आहे म्हणून मी हे करू शकते, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या वर्गातली नववीची मुलगी म्हणाली, "बाई, दिवाळीनंतर माझं लग्न करणार आहेत. कुणाला सांगू नका." मी सांगणार नाही असं वचन देऊन बसले. आता झोप लागत नाही. – एक शिक्षिका, जालना जिल्हा

वचन मोडा. पण तिला आधी सांगून मोडा. उद्या शाळेत तिला बाजूला घ्या आणि सरळ म्हणा, "मी कुणाला सांगणार नाही म्हणाले होते, ते मला पाळता येणार नाही. कुणाला सांगणार आहे ते तुला आधी सांगते." ती चिडेल, रडेल. चालेल. तिच्या पाठीमागे गेलात तर ती तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तिला कुणाची तरी फार गरज पडणार आहे.

मग १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांनाही कळवा, मुख्याध्यापकांमार्फत आणि लेखी. २००६ च्या कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ लागतं. लग्न ठरल्याचं कळलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई आदेश आणता येतो, आणि तो डावलून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. हे वाक्य घरच्यांना नीट समजावून सांगा. 'पोलीस येतील' या धमकीपेक्षा 'लग्न लागलं तरी लागलेलं धरणार नाहीत' याचा परिणाम जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

आता घरच्यांची बाजू, कारण तुमच्या पत्रात ती नाही. तुमच्या भागातही माणसं ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की टोळी निघते ती मार्च-एप्रिललाच परतते. इतके महिने वयात आलेली पोरगी घरी कुणाच्या जिवावर ठेवायची? सोबत नेली तर फडात पाचटाची खोपी, तिला दार नाही. आणि लग्न लावून दिलं की दोघांचा नवा कोयता उभा राहतो, त्याची उचल वेगळी. हे ऐकून आपल्याला राग येतो, पण त्या बापाचा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर न देता नुसता कायदा सांगितला तर आपल्या गावात थांबलेलं लग्न महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यात, कारखान्याच्या तळावर लागतं.

म्हणून विचारायचं ते हे, की सहा महिने ती राहील कुठे? आजी, चुलती, मावशी कुणी आहे का? नसेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, समाजकल्याणचं मुलींचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह. यांचे प्रवेश शाळा सुरू होतानाच होतात. दिवाळीत जागा शोधायला गेलं की नकारच मिळतो. मी जूनमध्ये नववीच्या वर्गात एकच प्रश्न विचारते : यंदा घरातलं कोण कोण जाणार? उत्तरं वहीत लिहून ठेवते.

आणि कारकुनांशी बोलून ठेवा. मुलीच्या जन्मतारखेचा उतारा अचानक मागितला, आधारवरची तारीख 'दुरुस्त' करायची आहे असं कुणी म्हणालं, तर तो कागद देण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे.

एक रागाचं बोलते. लग्न थांबवलं की अधिकाऱ्यांसोबत मुलीचा फोटो काढतात, चेहऱ्यावर पट्टी मारतात आणि खाली गावाचं नाव छापतात. गावात त्या वयाच्या मुली असतात किती? फोटोला ठाम नाही म्हणा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. ती शाळेतल्या समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला बोलते. मी विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, "काळजीचं काही नाही, बाकी सांगता येणार नाही." फी मी भरतो, मग मला कळायला नको का? – एक वडील, पुणे

तुम्हाला काळजी वाटते यात चूक काही नाही. फीचा मुद्दा मात्र सोडून द्या.

मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते : तू जे बोलशील ते माझ्याजवळ राहील, तीन गोष्टी सोडून. तू स्वतःच्या जिवाला काही करणार असशील, तुला कुणी इजा करत असेल, किंवा तू दुसऱ्या कुणाला करणार असशील. तिसऱ्यावर मुलं हसतात, दुसऱ्यावर काही जण गप्प होतात. मी त्या गप्प होण्याकडे लक्ष ठेवून असते.

या तीनपैकी काही निघालं तर बाईंना ते स्वतःपाशी ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे 'काळजीचं काही नाही' हे त्या बाई विचार करून, स्वतःच्या जबाबदारीवर म्हणाल्या आहेत. त्याचा अर्थ असा की मुलगी मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताची भीती, किंवा तुमच्याबद्दल बोलत असेल.

तुमच्याबद्दल बोलत असेल तर बोलू द्या. बाईंना इतकंच विचारा, "मी घरी काय वेगळं करू?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही मुलीला विचारून देऊ शकतो, आणि बहुतेक मुली 'सांगा' म्हणतात.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आमच्या शाळेत समुपदेशकाकडे गेलं की पोरं 'येडा झाला' म्हणतात. मला जायचंय. – (नाव, गाव लिहिलेलं नाही)

पोरं म्हणतात हे खरं आहे. आमच्याकडेही म्हणायची. म्हणून मी माझं टेबल ग्रंथालयात लावून घेतलं. पुस्तक बदलायला कोण आलं आणि बोलायला कोण आलं ते कुणाला कळत नाही. तुझ्या शाळेत तसं नसेल तर एक चिठ्ठी लिही : 'मला भेटायचंय, वर्गातून हाक मारू नका.' ती मॅडमच्या हातात दे, तक्रारपेटीत टाकू नकोस, पेटी कोण उघडतं ते तुला माहीत नाही. कुठल्या तासाला येणं सोपं जाईल तेही त्यात लिही. शाळेत नकोच वाटलं तर १०९८ वर मुलं स्वतः फोन करू शकतात, पैसे पडत नाहीत. 'माझं नाव सांगणार नाही' असं म्हणून सुरुवात केलीस तरी चालतं.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. पूर्वपरीक्षेत गणितात १४ गुण पडले. परवा जेवताना म्हणाला, "मी नसलो तर तुमचं बरं होईल." मी विषय बदलला. बोलले तर त्याच्या मनात जास्तच भरेल अशी भीती वाटते. – एक आई, धाराशिव जिल्हा

हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत वेळ जाईल म्हणून संपादकांना तुम्हाला आधीच फोन करायला सांगितलं होतं. इथे लिहिते ते इतर आयांसाठी.

विचारल्यानं विचार मनात भरत नाही. जो आहे तो बाहेर येतो. आडून विचारू नका. दोघंच असाल तेव्हा शांतपणे विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" तो 'हो' म्हणाला तर रडू नका, शपथ घालू नका, 'आमचा विचार कर' म्हणू नका. 'कधीपासून?' आणि 'कसं करायचं असं काही ठरवलंयस का?' हे विचारा. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. पोलिसांची भीती कुणी घातली तर ऐकू नका : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

याच्याही आधी एक काम. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध पडवीत किंवा कोनाड्यात असतं. ते आजच्या आज कुलपात जाऊ द्या, किल्ली कमरेला. किंवा घराबाहेर, भावकीत कुणाकडे तरी ठेवा. असा विचार पुष्कळदा एका लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं. हा उपाय कुणाला किरकोळ वाटेल. मी पालकसभेत गुणांच्या आधी याच्यावर बोलते.

आता ते १४ गुण. बोर्डात एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.वर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा असते. हे मुलांना ठाऊक असतं, बापांना नसतं. त्यामुळे मुलाला नको, त्याच्या वडिलांना सांगा, आणि वडिलांच्या तोंडून मुलाला ऐकू द्या. बाकी विषयांत बरा असून गणितातच असं वर्षानुवर्षं होत असेल तर अध्ययन अक्षमता आहे का ते तपासायला हवं होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे, प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पण ते सातवी-आठवीत बघायचं. जानेवारीत दहावीच्या मुलाला तपासणीसाठी फिरवू नका, सध्या त्याला माणसं हवीत.

प्रश्न : दहावीच्या मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवावं का? – शाळा समिती सदस्य, परभणी

ठेवा. पण त्या पैशांत ग्रंथालयाला दोन पंखे आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडी अभ्यासिका होत असेल तर ते आधी करा. व्याख्यानाला ज्याची गरज आहे तो मुलगा त्या दिवशी गैरहजर असतो.

प्रश्न : सुप्रीम कोर्टानं शाळांना समुपदेशक सक्तीचा केला म्हणतात. आमचा पट साडेतीनशे, पद मंजूर नाही, पैसा नाही. काय करावं? – एक मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा

सर, जुलै २०२५ च्या त्या निकालात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं म्हटलं आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. पद मंजुरीची वाट बघत बसलात तर तुम्ही निवृत्त व्हाल. जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक समुपदेशक ठेवावा, दर शाळेला आठवड्याचा एक वार. आमच्या तालुक्यात असंच सुरू झालं.

तोवर एका शिक्षकाला हे काम द्या. कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवू नका, मुलांनी आधीच ठरवलेलं असतं. मधल्या सुट्टीत कुणाभोवती घोळका असतो तेवढं बघा. त्यांचे आठवड्याचे चार तास कमी करा आणि ऑफ तासाला त्यांना बदलीवर पाठवू नका. शिस्तीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना हे काम अजिबात देऊ नका. सकाळी छडी आणि दुपारी 'मन मोकळं कर', हे पोरांना पटत नाही. छडी मुळात बेकायदा आहे, ते वेगळं.

मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्याकडे असेलच. तिच्या बैठका खरोखर होतात का बघा; वर्षाचं इतिवृत्त एका शाईनं, एका दिवशी लिहिलेलं मी पाहिलं आहे. तक्रारपेटी दोघांसमोर उघडा, त्यातली एक बाहेरची पालक-महिला असू द्या.

आणि एक गोष्ट लेखी करून भिंतीवर नाही, प्रत्येक शिक्षकाच्या हातात द्या. मुलानं अत्याचाराचं काही सांगितलं तर खोदून विचारायचं नाही, चार जणांसमोर पुन्हा बोलायला लावायचं नाही. मूल बोललं तेच शब्द, तारीख-वेळ घालून, लिहून ठेवायचे आणि कळवायचं. तपास पोलिसांचा, मुलाचा जबाब घेताना त्यांनी गणवेशात येऊ नये हेही पॉक्सो कायद्यात आहे, आठवण करून द्या. आरोप शाळेतल्याच माणसावर असेल आणि प्रमुखानं दाबला तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. 'शाळेची बदनामी होईल' म्हणणाऱ्या संस्थाचालकांना हे कलम, २१ वं, दाखवा.

प्रश्न : मीही हेच काम करते. ऐकलेलं घरी घेऊन येते, नवऱ्याला सांगता येत नाही. तुम्ही कुणाशी बोलता? – एक समुपदेशक, नांदेड

रविवारी दुपारी आम्ही तिघी फोनवर बोलतो. एक संभाजीनगरच्या इंग्रजी शाळेत आहे, एक निवृत्त आहे आणि आम्हा दोघींपेक्षा बरंच जास्त बघून बसलेली आहे. मुलाचं नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही, शाळेतलं काही ओळखू येईल असं बोलायचं नाही. प्रकरण सांगायचं, आपण काय केलं ते सांगायचं, मग त्या दोघी उलट प्रश्न विचारतात. निवृत्त बाई फार टोचून विचारतात. बोलणं तासभर चालतं, कधी दोन तास. शेवटी भाज्यांचे भाव वगैरे निघतातच.

चौथीला जागा आहे. संपादकांकडे तुमचा नंबर देऊन ठेवा. दुपारी तीनला चालेल ना?